सर्वांत आधी कोणाला कळवावे

दि. १४ मार्च, बुधवार

वहिनी,

नमस्कार. तू बरी असशील. मी बरी आहे. आईचं वयाच्या मानाने ठीक चाललं आहे.

पत्राचं कारण आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर इथेच फाडून टाकता येईल. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं आहे. तिथल्या अर्जात एक ओळ आहे: 'काही झाल्यास सर्वांत आधी कोणाला कळवावे'. सोमवारी आईने त्या ओळीवर स्वतःच्या हाताने तुझं नाव लिहिलं. माझं नाही, दादाचं नाही. अठरा वर्षांपूर्वी या घरातून गेलेल्या सुनेचं.

सवयीने 'तू' लिहिलं गेलं आहे. चालत नसेल तर तसं कळव.

काल मंगळवार होता. अकराला फोन वाजला, तो तुझाच असणार. मी समोरच बसले होते, म्हणून आईने तो उचलला नाही. मांडीवर हात ठेवून ती तो वाजताना ऐकत राहिली. मी उचलायला हवा होता, पण माझी हिंमत झाली नाही. तू काळजीत असशील, तेही या पत्राचं एक कारण समज.

दोन दिवस मला काही सुचत नाही. आज सकाळी दूध गॅसवर ठेवून मी पातेल्यासमोर उभी होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत उतू गेलं. एकतीस वर्षं औषधाच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या तपासल्या. तडा, कण, वाकडं झाकण, काही निसटू दिलं नाही. आणि आज दूध गेलं.

आता क्रमाने सांगते.

जानेवारीत आईला आंघोळीच्या स्टुलावरून उठवताना माझी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "ताई, यापुढे दहा किलोंच्या वर काही उचलायचं नाही." आई त्रेचाळीस किलोंची. दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू ठरवशील ते." हे वाक्य त्याचं पाठच आहे, तुलाही आठवत असेल.

जागा बघायला मी एकटीच फिरले. शेजारच्या शिक्षिकेने विचारलं, "आईंना विचारलंत का?" मी म्हटलं, "भाजी निवडताना भाजीला विचारतात का?" ती हसली नाही. मला वाटलं, बाईला विनोद कळत नाही.

माझी पद्धत साधी होती. मॅनेजर कौतुक सांगत असला की रिकाम्या पलंगाजवळचं बेलचं बटण दाबायचं आणि घड्याळ बघायचं. पहिल्या ठिकाणी दारातच शोभेच्या माशांची मोठी काचपेटी, मऊ सोफे, बेल दाबल्यावर नऊ मिनिटांनी एक बाई आली, तीही "कोणी चुकून दाबली का?" असं विचारत. दुसरीकडे बटणाची वायर गुंडाळून वरच्या खिळ्याला टांगली होती, पलंगावरून हात पोचणार नाही अशी. मॅनेजर म्हणाला, "सारखी दाबत बसतात हो. करणार काय!" तिसरीकडे माणूस लगेच आला, पण समोर एक बाई चार म्हाताऱ्यांना ओळीने बसवून एकाच वाटीतून, एकाच चमच्याने भरवत होती. मी वहीत तिघांवर फुल्या मारल्या. मला कोणी फसवू शकत नाही याचा आनंद होत होता, खोटं कशाला सांगू.

चौथी जागा म्हणजे एका जुन्या दवाखान्याची बैठी इमारत. बेलला पन्नास सेकंद लागले. मेट्रन साठीच्या आसपासची, बसक्या आवाजाची. मी तिला सत्तावीस प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली आणि म्हणाली, "आता आमचा नियम ऐका. अर्ज रहिवासी स्वतः भरतात, तेव्हा घरचे बाहेर बसतात. सर्वांत आधी कळवायचं म्हणून त्या ज्याचं नाव लिहितील, त्याच माणसाने त्यांना इथे आणायचं. दुसऱ्या कोणी आणलं तर आम्ही घेत नाही."

"नाव माझंच असणार," मी म्हटलं.

"असेलच की," ती म्हणाली.

सोमवारी आईला घेऊन गेले. तिने खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, गादी दाबून पाहिली. मेट्रन म्हणाली, "विचारा आजी, काय विचारायचं ते." आईने विचारलं, "इथे पाणी किती वाजेपर्यंत मिळतं?"

मेट्रन हसली. "पाण्याला कसली वेळ? केव्हाही."

"पाचनंतरसुद्धा?"

मेट्रनने हसणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

तुला हे कळायला मागचं सांगावं लागेल. दोन वर्षांपूर्वी आई रात्री बाथरूमला जाताना पडली, मनगट मोडलं. मी वेळापत्रक करून फ्रिजच्या दारावर लावलं. चहा चारला. पाणी पाचपर्यंत. पाचनंतर थेंब नाही. दोष सापडला की त्याच्या मुळाशी जायचं, हे मी कारखान्यात शिकले होते. पडण्याचं मूळ रात्रीचं उठणं, उठण्याचं मूळ पाणी. पाणी बंद केलं, आणि गेल्या दोन वर्षांत आई एकदाही पडली नाही. हे मी चार लोकांत अभिमानाने सांगितलेलं आहे.

मेट्रनने आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगात पाणी कमी असलं की राहते तशी. खाली बसायला तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

मग मला बाहेर बसवलं. दार उघडं ठेवतात, तोही नियमच. बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. कान देऊन ऐकलं असं म्हण हवं तर.

"संध्याकाळी तहान लागते का, आजी?"

"लागते की."

"मग काय करता?"

"कवळी धुताना पिते. नळाचं. ओंजळीने." मग आईचा आवाज खाली आला. "जास्त वेळ लागला की ती दार वाजवते."

वहिनी, मी दार वाजवत होते. रोज. "आई, एवढीशी कवळी धुवायला दहा मिनिटं?" मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. आत ती पाणी पीत होती. दोन वर्षं माझ्या घरात माझी आई चोरून पाणी पीत होती आणि मी बाहेरून दार वाजवत होते.

मग नावाचं आलं. मेट्रन म्हणाली, "मुलगी बाहेर बसली आहे ना तुमची?"

"हो. गुणाची आहे. सगळं तीच करते."

"मग हे नाव सुनेचं का लिहिताय?"

"पडले की ही आधी रागावते, मग उचलते. ती आधी उचलायची."

मेट्रनने नंबर विचारला. आज वार कोणता, हे आईला दिवसातून तीनदा सांगावं लागतं. तुझा नंबर तिने एका दमात म्हणून दाखवला, मग पत्ताही, अगदी घराच्या क्रमांकासकट. दर मंगळवारी अकराला, मी आठवड्याच्या बाजाराला गेले की तू फोन करतेस, हेही तिनेच मेट्रनला सांगितलं. बाजारातून परत आले की आई टवटवीत दिसायची. मी म्हणायचे, घरात कोणी नसलं की तुला झोप छान लागते बघ.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, उद्या जाऊ आणि ते नाव बदलू."

"नाही," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला होता ते मला आठवेना. मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज चढला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "मग आता चहाही बंद का?"

टोमणा असता तर मी परतवला असता. मला टोमणे परतवता येतात, तुला माहीत आहे. पण टोमणा नव्हता तो. गाडी किती वाजता सुटते असं एखाद्याने विचारावं, तसं तिने विचारलं. कळलं म्हणजे तयारीत राहता येईल, असं.

मी स्वयंपाकघरात गेले, पाण्याचा जग भरून आणला, पेल्यासकट तिच्या पलंगाशी ठेवला. सात वाजले होते. तिने पाण्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घेऊ?" तिने विचारलं.

इथे मी पेन खाली ठेवलं होतं. एवढ्यावर पत्र संपवून पाकिटात घातलं असतं तर चाललं असतं. पण अर्धी खरी गोष्ट पाठवणं म्हणजे तडा गेलेली बाटली पुढे सोडण्यासारखं आहे.

पडू नये म्हणून पाणी बंद केलं, असं मी वर लिहिलं. ते पहिल्या दीड महिन्यापुरतं खरं आहे. मनगट जुळल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी तोडू नका, पलंगाजवळ पॉट ठेवा. मी मान डोलावली आणि पॉट आणलाच नाही. पाणी नसलं की चादर कोरडी राहते. मला रोज सकाळी उठून चादर धुवायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण. चादरीसाठी मी माणसाला तहानलेलं ठेवलं आणि त्याला वेळापत्रक म्हटलं.

आणि दुसरं. घटस्फोटाच्या वेळी दादाच्या वकिलाकडे जो कागद गेला, ज्यात 'सून सासूकडे दुर्लक्ष करते' असं होतं, तो दादाने लिहिला असं तुला वाटत आलं असेल. तो मी लिहिला. कारखान्यातल्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत. आईच्या त्या तापात तू तीन रात्री जागली होतीस. मला माहीत होतं, कारण मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. दादाला सुटायला कारण हवं होतं. मी ते नीट टाइप करून दिलं. सोमवारी मेट्रन अर्जावर काहीतरी लिहीत होती तेव्हा दारातून मला फक्त तिचा हात हलताना दिसत होता, आणि ती कोणता शब्द लिहीत असेल ते मला कळत होतं.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला वाटेल, काम आहे म्हणून मागते आहे. आणि काम तर आहेच. खोली २० तारखेपर्यंत, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत राखून ठेवली आहे. तू येऊन तिला नेलंस तरच ती तिथे जाऊ शकते. नाही आलीस तर ती माझ्याकडेच राहील, आणि तिला एकट्या माझ्यावर सोपवायला आता मीच तयार नाही.

तू का यावंस याचं एकही कारण माझ्यापाशी नाही. आईपाशी असेल. तिला फोन कर. मंगळवारची वाट बघू नकोस, आणि मी घरात असले तरी कर. मी जिन्यात जाऊन उभी राहीन.

हे पत्र कुरियरने पाठवते, म्हणजे उद्या तुझ्या हाती पडेल.

तुझी एके काळची नणंद


दि. २२ मार्च, गुरुवार

वहिनी,

तू घरी सुखरूप पोचलीस हे आईकडून कळलं. तू तिला पोचल्याचा फोन केलास, मला केला नाहीस, ते योग्यच केलंस.

सामानाच्या यादीची एक प्रत तुझ्याकडे असायला हवी असं मेट्रन म्हणाली. ती खाली जोडली आहे. तुझी गाडी चारची होती म्हणून तू निघालीस, आणि यादी त्यानंतर झाली.

मंगळवारी तू आलीस तेव्हा समोरासमोर काही बोलता आलं नाही. मी पत्राचा विषय दोनदा काढायला गेले, दोन्ही वेळा तू म्हणालीस, "वन्सं, आधी आईंच्या चपला शोधू." अठरा वर्षांनी कोणी मला 'वन्सं' म्हटलं. निघताना फाटकापाशी तू म्हणालीस, "ते पत्र एकदा वाचलंय. दुसऱ्यांदा वाचायला वेळ लागेल." लागू दे. मी विचारणार नाही.

पण एक गोष्ट मला अजून झेपलेली नाही, ती लिहिते. तू दारातून आत आलीस आणि आई म्हणाली, "जाड झालीस गं!" तू म्हणालीस, "तुम्ही वाळलात, मी भरले. घरातलं वजन घरातच राहिलं." आणि आई हसली. कवळी न लावलेल्या बोळक्या तोंडाने, खांदे हलवत हसली. ती अशी हसते हे मी विसरले होते. मी तिथेच होते, हातात तिचा स्वेटर होता, आणि तो घडी करायचा की उलगडायचा हेच मला कळेना.

बॅग भरलेली होती, गाडी खाली उभी होती, सगळं ठरलेलं होतं. आणि तू तिच्या समोर खुर्ची ओढून बसलीस आणि विचारलंस, "आई, जायचं का?" मला धक्का बसला तो या प्रश्नाचा. हा प्रश्न विचारायचा असतो हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. तीन महिन्यांत मी मॅनेजरांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, दादाला विचारलं. तिला मात्र नाही. तू उत्तराची घाई केली नाहीस. मी दोनदा घड्याळ पाहिलं, तेही तू पाहिलंस. मग ती म्हणाली, "बघू तर जाऊन. नाही आवडलं तर?"

"तर परत यायचं."

"कुठे?"

"तुमच्या घरी. घर तुमचंच आहे ना?"

आईने मान हलवली, पण ती माझ्याकडे बघत होती.

तू गेल्यावर मेट्रनने तिला काट्यावर उभं केलं. काटा साडेअडतीसवर थांबला. मी म्हटलं, काटा चुकतोय, ती त्रेचाळीस आहे. मेट्रनने स्वतः उभी राहून दाखवलं. काटा बरोबर होता. "त्रेचाळीस केव्हाचं?" तिने विचारलं. मी वही काढली. वहीत तारीख होती, मागच्या वर्षाच्या मागच्या वर्षातली. रोज हजारो बाटल्या तपासणारी मी, घरात एकच माणूस होतं, त्याचं वजन दोन वर्षं पाहिलं नाही. आणि तिला उचलताना माझी कंबर धरली, म्हणून मी सगळ्यांना सांगत होते की आई जड झाली आहे.

मेट्रनने फक्त आकडा लिहिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग यादी. मेट्रनने विचारलं, "सामान कोणाच्या ताब्यात लिहू? बहुतेक घरचे ऑफिसच्या ताब्यात देतात." मी 'ऑफिस' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आईकडे पाहिलं. ही माझी पहिलीच खेप, त्यामुळे जमलं की नाही ठाऊक नाही. पण मी विचारलं, "आई, कोणाच्या लिहायचं?"

"माझ्या," ती म्हणाली. "मी काय पळून जाते आहे का?"

निघताना मी तिला विचारलं, "मी कधी येऊ?"

"फोन करून विचार," ती म्हणाली. "मी हो म्हटलं की ये."

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "एक राहिलं," आणि तळहात वर करून तिने माझ्यापुढे हात धरला. मेट्रन बघत होती. मला काय द्यायचं ते लगेच कळलं, तरी मी पर्समध्ये शोधल्यासारखं केलं. थोडा वेळ लागला. ते यादीत शेवटी लिहिलं आहे, इथे पुन्हा लिहवत नाही.

काल अकराला मी तिला फोन केला. येऊ का, विचारलं. "आज नको," ती म्हणाली. उद्या पुन्हा विचारीन.

संपर्क क्रमांक दोन,
नणंद


सामानाच्या यादीची प्रत

दिनांक २० मार्च, मंगळवार. वेळ सायंकाळी पावणेपाच. खोली क्रमांक सहा.

रहिवासी काठी घेऊन स्वतः चालत आल्या. सोबत सून. वजन साडेअडतीस किलो.

गाऊन पाच. स्वेटर दोन. पायमोजे चार जोड. घरची उशी एक. चष्मे दोन, पैकी एकाची दांडी दोऱ्याने बांधलेली. कवळी, डबीसह. डाव्या कानाचं यंत्र एक. काठी एक. लहान रेडिओ एक, चालू स्थितीत. औषधं एका आठवड्याची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

राहत्या घराच्या दाराची किल्ली एक. ही दोन वर्षं मुलीकडे होती. रहिवाशांनी मागितल्यावरून दिली.

देणार: मुलगी.

घेणार: स्वतः.